काकवीच्या डब्यातलं पेट्रोल

राऊदादा गेल्याचं मला चहाच्या दुकानात कळलं. पलूसचा एक माणूस सहज बोलला, "सांगलीचा लॉरीवाला मिस्त्री गेला की मंगळवारी," आणि बशीतला चहा फुंकू लागला. त्याला आता महिना होत आला. मध्यंतरी शोकसभाही झाली. वक्त्यांनी स्वतःच्या गळ्यात हार घालून घेतले आणि राऊदादाला 'एक अनाम सैनिक' म्हणून दोन मिनिटांत उरकलं. अनाम? नाव होतं त्याला! विचारायचा कंटाळा आला, एवढंच.

बेचाळीसनंतरच्या त्या दिवसांत मी भूमिगतांची पत्रकं लिहायचो. कागदावर माझ्याएवढा शूर कोणी नव्हता. पत्रकं पोचवायचा मात्र राऊदादा. पलटणीत लॉऱ्या चालवून परत आलेला, चाळिशीचा, सांगलीत पत्र्याच्या शेडमध्ये जुनी इंजिनं जिवंत ठेवणारा माणूस. पेट्रोल कुपनावर मिळायचं, तेही घोटभर. आम्ही ते थोडं थोडं जमवून लपवायचो. त्या खेपेला मी ते आमच्या गुऱ्हाळातल्या काकवीच्या डब्यात साठवलं होतं. डबा राखेनं घासला, धुतला, वाळवला. त्यावर लाल रंगात वडिलांचं नाव रंगवलेलं होतं, ते मात्र माझ्या लक्षातच आलं नाही. रोज डोळ्यांसमोर असलेलं कुठे दिसतं!

दुपारी पलूसहून साताऱ्याकडे निघालो. लॉरीत वर गुळाच्या ढेपा, त्यांच्याखाली पत्रकं. डबा लॉरीच्या टाकीत रिकामा करून मी पायाशी ठेवला होता. कराडच्या अलीकडे नाक्यावर पोलिसांनी अडवलं, ढेपा वरवर चाचपल्या, जा म्हणाले... आणि इंजिन सुरूच होईना. पेट्रोलचा भपकारा आला. बॉनेट उचललं तर कार्बोरेटर भरून वाहत होता आणि तापलेल्या लोखंडावर टपटप थेंब पडत होते. जमादार विडी ओढत जवळ आला.

"विडी लांब धरा, जमादार," राऊदादा म्हणाला. "न्हाईतर तुमी बी ढगात, आमी बी."

आणि तेव्हाच मला डब्यावरचं नाव दिसलं. वडिलांचं ठसठशीत नाव, आत चोरट्या पेट्रोलचा वास! मी धोतराचा सोगा त्यावर ओढला.

राऊदादाने पेट्रोलचा कॉक बंद केला. पान्याच्या दांड्याने कार्बोरेटरच्या वाटीवर हलकेच टकटक केलं. अडकलेली सुई कधीकधी तेवढ्यानं जागेवर बसते. कॉक उघडला, पुन्हा गळती. मग वाटी खोलून आतला पोकळ पितळी फ्लोट त्याने कानाशी हलवला. त्याला भोक पडलं असतं तर आत पेट्रोल खळखळलं असतं. खळखळ नव्हती. उरली सुई. वाटी भरत आली की फ्लोट वर येतो आणि ही सुई पेट्रोलची वाट बंद करते. तिच्या टोकाला एक तांबूस कण घट्ट बसला होता. पेट्रोलनं धुतला, निघेना. राऊदादाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सुई सरळ तोंडात घातली.

"काय खातोस रं?"

"कचरा हाय, साहेब. दातानं निघतोय."

जमादाराची नजर माझ्या पायांकडे वळली. "डब्यात काय हाय?"

राऊदादा सुई पुसत म्हणाला, "काकवी हुती. ह्यो पलूसपासनं पीत आलाय. बघा की तोंड कसं झालंय. आता पोटात कळ आली म्हंजे झालं!"

शिपाई हसले. जमादार डब्याशी वाकला नाही. भोवती सगळीकडे पेट्रोलच सांडलेलं, त्यात डब्याचा वेगळा वास कुणाला येणार? इंजिन पहिल्याच हँडलला लागलं.

नाका मैलभर मागे पडला. मग तो म्हणाला, "गोड लागलं रं. पेट्रोलात वाळली काकवी इरगळत न्हाई, थुकीत इरगळती. डबा धुताना सांध्यात बोट घातलं हुतंस?"

"नाही, दादा."

"लय शाना. पत्रकात सरकार बुडवतोस, हितं इंजिन बुडवलंस." आणि जरा थांबून, "कुणाला सांगू नगंस. माज्या हातनं कचरा गेला म्हनतो मी."

तसंच म्हणाला तो सगळ्यांना, आणि मी गप्प बसलो. डबा लॉरीतच राहिला, तिथून त्याच्या शेडमध्ये गेला. पुढे दोन महिन्यांनी त्याला शेडमधून उचललं. पेट्रोल कुणाचं, एवढंच विचारत होते म्हणे. तेवढे दिवस मी रोज वाट पाहिली... बूट वाजले की वाटायचं, आलेच. कोणी आलं नाही. तो सुटून आला तो खोकला घेऊन. रक्त पडायचं. त्याच खोकल्याने गेला.

परवा शेडमध्ये गेलो. वहिनी म्हणाल्या, "आवं भाऊजी, त्यो खिळ्यावरचा डबा तुमचा हाय म्हनं. धाड पडायच्या आदल्या दिशी बसून खरवडत हुते. दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हवते."

डबा उतरवला. वडिलांचं नाव होतं तिथे नुसता उघडा पत्रा, कानशीचे आडवेतिडवे ओरखडे. एक अक्षर शिल्लक नाही. तो माझ्या हातात असताना रस्त्यावर कुणाचे तरी बूट वाजले आणि मी, आज, तो पाठीमागे लपवला.

त्याने आमचं नाव खरवडून काढलं. म्हणून त्याचं मी इथे पुरतं लिहितो : राऊ धोंडी मिस्त्री, सांगली.