काढा म्हणजे औषध थोडंच!

"ॲक्यूट हेपटायटिस. यकृताला अचानक सूज आली आहे. कशामुळे, ते कळत नाही."

रॉटरडॅमच्या हॉस्पिटलमधून हा फोन आला, तेव्हा मी खालीच पार्किंगमध्ये गाडीत बसले होते. कोविडमुळे मला आत सोडत नव्हते. माझा नवरा अजित वर एकटा होता, हळदीसारखा पिवळा.

आधी नुसता थकवा होता. मग जेवण नकोसं झालं. आमच्या हाउसआर्ट्सनी, म्हणजे फॅमिली डॉक्टरांनी, फोनवरच 'आराम करा, पाणी प्या' सांगितलं. डोळे पिवळे दिसले तेव्हा कुठे धावपळ झाली.

हेपटायटिस ए, बी, सी, सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. बिलिरुबिन, म्हणजे कावीळ दाखवणारा रक्तातला घटक, रोज वाढत होतं. "असंच चाललं तर ट्रान्सप्लांटचा विचार करावा लागेल," डॉक्टर म्हणाले. म्हणजे यकृतच बदलायचं! मी हमसाहमशी रडले. देव पाण्यात घालायलाही घरी जावं लागतं, आणि मला ते पार्किंग सोडवेना.

मग एका नव्या डॉक्टरबाईंचा फोन आला. त्या मूळच्या घानाच्या. "औषध काहीच घेत नाही, असं तो सगळ्यांना सांगतोय. मी वेगळं विचारते. घरची मोठी माणसं काय प्यायला देतात?"

"गुळवेलीचा काढा. सासूबाई पुण्याहून पावडर पाठवतात, कोविड आल्यापासून. मला तो कडू सोसत नाही, हा मात्र दोन्ही वेळा पितो. हॉस्पिटलमध्येही पुडी घेऊन गेलाय, गरम पाण्यात घालून घेतो. पण ते औषध थोडंच आहे?"

त्या रागावल्या नाहीत. "आमच्याकडे काही सरकारी हॉस्पिटलांत जडीबुटीचे शिकलेले वैद्य आमच्या शेजारच्याच खोलीत बसतात. मग पेशंटला लपवावं लागत नाही. इथे कुणी विचारत नाही, म्हणून तुम्ही सांगत नाही. काढा बंद करा. आणि पुण्यालाही कळवा."

बायोप्सीनेही, म्हणजे सुईने यकृताचा कण काढून केलेल्या तपासणीनेही, काढ्याकडेच बोट दाखवलं. काढा थांबला आणि बिलिरुबिन हळूहळू उतरू लागलं.

पुण्याला कळवणं मात्र जिवावर आलं. तुमच्या हातच्या पुडीने मुलगा मरणाच्या दारात गेला, हे आईला कुठल्या तोंडाने सांगायचं? "राहू दे, जिवाला लावून घेईल," अजित म्हणाला. तरी मी सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, मीही तोच घेते. आठवडाभर अन्नावरची वासनाच उडालीय. तुमच्या काळजीनं असेल म्हणून बोलले नाही. काल शेजारीण म्हणाली, डोळे पिवळट दिसतायत."

दिरांनी त्यांना लगेच दवाखान्यात नेलं. आज त्या बऱ्या आहेत.

तुमच्याही घरी काही उकळत असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. त्या घानाच्या बाईंचा चेहरा मी कधीच पाहिला नाही. एक साधा प्रश्न विचारून त्यांनी माझी दोन माणसं मला परत दिली.