गोळ्या मोजणारी वनिताबाई

वनिताबाई पहिल्यांदा घरी आली ती आमच्याशी बोलायच्या आधी चुलीकडे गेली. गंजातलं वरण पळीने तळहातावर घेतलं, चाटलं आणि म्हणाली, "काकू, हे वरण हाय का लोणचं जी?" माझ्या बायकोला, कमलला, राग आला. पण पुढच्या महिन्यापासून ती मीठ कमी टाकायला लागली. वनिताबाई यायची त्या दिवशी तेवढं.

वनिताबाई आमच्या वस्तीची आशाताई. घरोघर जाऊन बीपी मोजायची, गोळ्या पोचवायची. मी हातमागावर उमर काढली, शाळा चौथीपर्यंत. मला ते आकडे कळत नाहीत. कमलचे जास्त निघतात एवढं कळायचं. "दुखत नाही म्हणून बीपी नाही असं नसते, काकू," वनिताबाई सांगायची. दर खेपेला गोळ्यांचं पाकीट मागायची आणि रिकामी झालेली घरं बोटाने मोजायची.

कमलचे उपास फार. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस. उपासाला ती गोळी घेत नसे. वनिताबाई म्हणाली, "देवाले साबुदाणा चालते, आलूचा चिवडा चालते, अन् एवढीशी गोळी चालत नाही?"

"तू तुझं पाहा वं पोरी. माझ्या देवाचं मी पाहीन."

मग मी एक उद्योग सुरू केला. वनिताबाई यायच्या आदल्या दिवशी उरलेल्या गोळ्या काढून मोरीत टाकायचो. घरात दोन बायांचा झगडा नको, एवढंच मनात होतं. कमललाही ते बरं वाटायचं. पाकिटाचा हिशेब जुळायचा, मशीन मात्र जास्तच दाखवायचं. वनिताबाई चक्रावली. "गोळ्या तर खाऊन राहिल्या तुम्ही, मंग उतरत काहून नाही?" ती कमलला दवाखान्यात घेऊन गेली, स्वतः रांगेत उभी राहिली. डॉक्टरने गोळी वाढवली. उपासाच्या दिवसांची ती वाढलेली गोळीही मी मोरीत टाकली.

नवरात्राच्या सातव्या दिवशी भांडी घासता घासता कमल एका अंगावर पडली. तोंड वाकडं झालं. दसरा तिने पाहिला नाही.

तेरवी झाल्यावर वनिताबाई आली. वहीत कमलचं पान काढून बसली. "काका, माझं कुठं चुकलं ते सांगा मले. दोन वर्सं पाहून राहिली मी काकूले."

मी सांगितलं. तिने वही मिटून पिशवीत टाकली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "हे आणखी घरांत होत असन. तुम्ही माह्यासंग चालता का? माह्यं कोणी ऐकत नाही."

आता जातो. घरात बसून तरी काय करायचं. लोकांसमोर सगळं सांगतो. रडू येत नाही, काही वाटतही नाही. तोंड आपलं सांगत जातं.

परवा एका घरी सांगून झालं. तिथल्या बाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हातारा उठला, देव्हाऱ्यामागून कागदाची पुडी काढली आणि वनिताबाईच्या हातात दिली. तिने पुडीतल्या गोळ्या मोजल्या. बाईला विचारलं, "आज उपास हाय का, काकू?"

"हो. गुरुवार."

वनिताबाईने पिशवीतून नवीन पाकीट घेऊन त्यातली एक गोळी काढली. "काका, पाणी आणा जी," ती म्हणाली, आणि तो म्हातारा माठाकडे गेला.