पाचव्या खेपेचा जांभळा

सूर्यकांत परचुऱ्यांकडून रंग पास करून घेणं म्हणजे खडूस सासूला पुरणपोळी खाऊ घालणं, असं ऑफिसात म्हणत. दुबईतल्या एका गणवेशाच्या कंपनीत बावीस वर्षं त्यांनी कापडाचे रंगच तपासले. नमुन्याशी तसूभर फरक दिसला की माल परत! यंदा तर मुलगी अवनीच्या शाळेचीच ऑर्डर होती. गणवेशाचा तो जांभळा रंग त्यांनी दक्षिण चीनमधल्या कापड रंगवणाऱ्या मिलला चार वेळा परत पाठवला, आणि पाचवी खेप बघायला स्वतःच गेले.

जून होता, गाठ पडली नेमकी तिथल्या होड्यांच्या सणाशी. मिलची दुभाषी लिन त्यांना मिलच्या खालच्या अंगाला नदीकाठी असलेल्या आपल्या गावी घेऊन गेली. नदीत लांबलचक होड्यांची शर्यत, ढोलांचा दणदणाट, काठावर सगळं गाव लोटलेलं. लिनच्या आजीने पानात बांधून उकडलेला चिकट भात हातावर ठेवला. आत मूगच आहेत ना, हे तीनदा विचारून परचुऱ्यांनी तो खाल्ला आणि त्यांना हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवल्या. माणूस वाईचा, कृष्णाबाईच्या उत्सवात वाढलेला. पन्नाशी विसरून ओरडायला लागला, "मारा रे वल्हं, मारा!"

नवी नदी दिसली की बोटं बुडवून डोळ्यांना लावायची, ही आईची शिस्त. परचुरे पायरीवर वाकले, बोटं बुडवली, हात डोळ्यांकडे नेला, तोच आजीने मनगट पकडलं. म्हातारीचा हात कसला, पक्कडच ती! रागाने काहीबाही बोलली.

"डोळे जातील म्हणते," लिन ओशाळून म्हणाली. "होडीवाले पण आता घरी जाऊन आधी साबण लावतात."

परचुऱ्यांनी बोटं बघितली. नखांच्या कडा जांभळ्या झाल्या होत्या. ती शेड त्यांनी ओळखली, न ओळखतील कसे! चौथ्या खेपेची. लाल जरा जास्त पडलाय म्हणून गेल्याच आठवड्यात त्यांनी नापास केलेली.

"नापास रंगाचं तुम्ही काय करता?"

"टाकी सोडून देतो," लिनने नदीकडे हनुवटी केली. "तुमची मेल आली की आठवडाभर, थोडी थोडी. यंदा चार वेळा."

परचुरे रुमालाने नखं घासत राहिले, जांभळा काही जाईना.

दुसऱ्या दिवशी पाचवी खेप पुढ्यात आली. तपासणीच्या फॉर्मवर एक रकाना होता, सांडपाण्याची व्यवस्था. दर खेपेला ते तिथे न बघताच 'समाधानकारक' लिहीत आले होते. आज पेन अडलं. खरं लिहावं तर मिल बाद, शाळा उघडेपर्यंत कापड नाही, आणि मग नोकरी तरी कशी राहणार? या वयात नोकरी गेली की व्हिसा गेला, शारजाचं घर गेलं, अवनीची दहावी अर्ध्यावर. तेवढ्यात दुबईहून साहेबांचा, नूरुद्दीनभाईंचा फोन आला.

"परचुरेसाब, शेड मॅच है ना? तो यल्ला, जल्दी साइन करो. खलास!"

शेड खरंच तंतोतंत जुळली होती, याचाच त्यांना जास्त संताप आला. त्यांनी 'समाधानकारक' लिहिलं आणि सही केली.

ऑगस्टअखेर शारजाला अल मजाजच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये नवा गणवेश आला. अवनीने उघडून बघितला. "बाबा, द कलर इज सो नाइस!"

"चार वेळा परत पाठवला होता मी," परचुरे म्हणाले. त्यांना पुढचंही सांगायचं होतं.

"म्हणूनच एवढा देखणा आलाय!" बायको विभावरी कौतुकाने म्हणाली. "तुमची नजर आहे ती, काय गंमत आहे?" तिने रिवाजाप्रमाणे गणवेशाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं आणि तो डोळ्यांना लावायला उचलला.

परचुऱ्यांनी तिचं मनगट पकडलं.

"अहो, दुखतंय! झालं काय?"

मनगट त्यांनी सोडलं नाही. "डोळ्यांना नको," एवढंच ते म्हणाले.