मातीला ताक

आमचा शेजारी भेटेल त्याचा आधी दंड दाबून पाहायचा आणि मगच बोलायचा. किडकिडीत शिंप्यालाही तो 'पैलवान' म्हणे. बायांना मात्र अदबीनं 'वैनी'.

त्या साली नीरेचा पूर बावड्यात शिरला. आमचं घर बसलं, बैल वाहून गेले, म्हैस तेवढी वाचली. वडील कुणाशी बोलेनात. शेजाऱ्याचंही घर पडलं होतं, पण त्यानं आधी तालमीतला गाळ उपसला. नव्या लाल मातीत कालवायला ताक मागत तो आमच्या छपरापाशी आला.

"पोरांना पुरंना, अन् मातीला ताक?" आई कडाडली.

"ऱ्हाऊ द्या वैनी," म्हणत त्यानं वडिलांचा दंड दाबला, हातात खोरं दिलं आणि त्यांना घेऊन गेला.

संध्याकाळी तालमीतून शड्डू ऐकू आला. वडिलांचाच! आईनं ताकाचं मडकं उचललं. बाया तालमीकडं फिरकत नसत. ती थेट उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली, मागोमाग मी. आत वडील मातीनं माखून हसत होते.

शेजाऱ्यानं मडकं घेतलं. "या, पैलवान!"

परत येताना आई माझी नजर चुकवून स्वतःचा दंड चाचपत होती.