एलियोदोरोची सफाई

सान लुकासमध्ये मूल जन्मलं की नावासाठी कुणी डोकं खाजवत बसत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाचा जो संत असेल, तो मुलाच्या गळ्यात पडतो. आडनावंही गावात दोनच, साराते आणि क्रूस, आणि ही दोन घराणी पिढ्यान् पिढ्या एकमेकांतच सोयरिकी करत आली आहेत. एलियोदोरो सारातेला हे कुणी सांगायची गरज नव्हती. तीन जुलैला जन्मल्यामुळे तो स्वतःच हे लांबलचक नाव जन्मभर वाहत होता.

पण माणूस शहरात जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स करून आला की गावातलं बरंच काही विसरतो, आणि एलियोदोरो तर प्रमाणपत्रासकट विसरून आला होता. गावच्या दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीमागे तो बसे. समोर रांग, शेजारी कॉम्प्युटर, आणि चेहऱ्यावर असा भाव की ही रांग त्याच्या महत्त्वाच्या कामात उगाच लुडबुड करते आहे.

एके दिवशी राजधानीतून हुकूम आला. रुग्णांच्या डेटाबेसमध्ये एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी झाल्या आहेत, त्या शोधून काढून टाका. खोटं नव्हतं ते. कार्ड हरवलं की लोक सरळ तेच नाव पुन्हा नोंदवून मोकळे होत. एलियोदोरोच्या अंगात वारं शिरलं. नाव, बापाचं नि आईचं अशी दोन्ही आडनावं आणि जन्मतारीख तंतोतंत सारखी असणाऱ्या नोंदींचे त्याने गट पाडले, प्रत्येक गटातली सर्वांत जुनी नोंद ठेवली आणि बाकीच्या उडवल्या. 'पुसण्याआधी एकेक गट नजरेखालून घाला' असं हुकुमात लिहिलं होतं. पण नजर वगैरे सामान्य लोकांसाठी असते. एलियोदोरोकडे क्वेरी होती, कॉम्प्युटरला दिलेली एका ओळीची आज्ञा. कॉफी निवायच्या आत यादी स्वच्छ झाली.

राजधानीने त्याची पाठ थोपटली. पुढच्या पंधरवड्यात खिडकीसमोरची रांगही आखूड झाली. तेही त्याने अहवालात सुधारणा म्हणून लिहून टाकलं.

मग इन्सुलिनचा दिवस आला. इन्सुलिन राजधानीतून यादीप्रमाणे मोजून येतं. एदुविखेस साराते क्रूस या नावाचा एकच खोका आला होता, आणि तो घ्यायला एदुविखेस साराते क्रूस सगळ्यांच्या पुढे उभी होती. ही एलियोदोरोची मावशी. खोका पिशवीत टाकून ती बाजूला झाली. तिच्यामागे मुद्दाम चार माणसं सोडून एदुविखेस साराते क्रूस उभी होती. ही एलियोदोरोची आई.

दोन सख्ख्या भावांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्नं केली, दोघींना एकाच वर्षी, सतरा ऑक्टोबरलाच मुली झाल्या, आणि कॅलेंडरात त्या दिवशी संत एकच होती. मुली मोठ्या झाल्या, म्हाताऱ्या झाल्या, दोघींना साखर झाली. एका जत्रेत संतिणीच्या मूर्तीचा झगा आईने शिवला आणि कौतुक मावशीने घेतलं, तेव्हापासून दोघींतून विस्तव जात नव्हता. दवाखान्यात नाव घालायच्या दिवशी मावशी रांगेत दिसली म्हणून आई पाय आपटत घरी गेली आणि आठवड्याने उगवली. त्या एका आठवड्यामुळे तिची नोंद दुसरी ठरली, आणि लेकाने ती पुसली.

"तुमचं औषध नेलंय तुम्ही," एलियोदोरो स्क्रीनवरून डोळे न उचलता म्हणाला.

"मी कधी नेलं रे, मेल्या?"

आता त्याने डोळे उचलले. मागून कुणीतरी म्हणालं, "एलियो, निदान आईला तरी ओळख दे की." रांगेला हसायला तेवढं पुरलं.

त्याने राजधानीला फोन लावला. तिथल्या इंजिनिअर बाईंनी शांतपणे विचारलं, "या दोन बायका आहेत कशावरून?"

"एक माझी आई आहे, बाई."

"आणि दुसरी?"

"मावशी."

"असं सगळेच सांगतात. दोघींना एकत्र खिडकीत आणा आणि मला फोन लावा. मग बघू."

आईचं म्हणणं सोपं होतं. "तिच्या शेजारी? मी मेल्यावर ने मला." घरात उरलेलं इन्सुलिन संपलं. तिसऱ्या दिवशी तिला तव्यावरची तोर्तिया धड दिसेना, तेव्हा एलियोदोरो घाबरला, अगदी लहान पोरासारखा घाबरला, आणि मावशीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"माझ्यातलं अर्धं दिलं तर घेईल ती?" मावशीने विचारलं.

"नाही घेणार."

"ठाऊक आहे मला." मावशीने शाल घेतली. "चल."

आईला त्याने जवळजवळ उचलूनच आणली. खिडकीत दोघी दोन दिशांना तोंडं करून उभ्या राहिल्या. इंजिनिअर बाईंनी फोनवरून विचारलं, "शेजारची बाई तुम्ही नाही, असं जाहीर करता?"

"पोरी, जन्मभर मी हेच सांगत आले," मावशी म्हणाली. "सरकारने आज पहिल्यांदा विचारलं." मग तिने पिशवीतून न फोडलेला खोका काढून फळीवर ठेवला. "माझं मागचं शिल्लक आहे. आणि एलियो, तिला सांग, हे मी नाही दिलं, दवाखान्याने दिलं."

आई हातभर अंतरावर उभी होती. "तिला सांग, ऐकलं म्हणून," ती म्हणाली. खोका मात्र तिने घेतला.

दोघी गेल्यावर, इंजिनिअर बाईंच्या परवानगीने, आईची नोंद परत आणायला एलियोदोरोने पुसलेल्या नोंदी उघडल्या. तिची ओळ सापडली, जागेवर गेली. पण आज प्रथमच तो नजर वापरत होता, आणि नजर खालच्या ओळींवर गेली. त्रांकिलिनो क्रूस साराते. या नावाचे, एकाच दिवशी जन्मलेले म्हातारे दोन. एक गावचा न्हावी. दुसरा वरच्या वस्तीवरचा म्हातारा, हृदयाच्या गोळ्या न्यायला येई. मागच्या पंधरवड्यात तोही खिडकीत आला होता. 'तुमचं औषध नेलंय तुम्ही' हे ऐकून टोपी घालून निमूट परत गेला. खिडकीत त्याचा कुणी लेक बसलेला नव्हता.

रांग का आखूड झाली, ते आता एलियोदोरोला कळलं. गोळ्या खिशात कोंबून तो धापा टाकत वरच्या वस्तीवर पोचला. म्हाताऱ्याच्या दारावर काळी फीत बांधलेली होती, आणि आतून बायकांचा जपमाळ ओढल्याचा आवाज येत होता. गावात त्रांकिलिनो क्रूस साराते आता खरोखरच एक उरला होता.