टोक्टोसुनने धरलेली जागा

धरणातल्या पाण्याची पातळी मोजणारी कार्डं बनवणाऱ्या बिश्केकच्या त्या लहानशा कंपनीत टोक्टोसुनला अकरा वर्षं झाली होती. कार्ड कुठलंही असो, ते संगणकातल्या लिनक्स प्रणालीशी बोलतं करणारा ड्रायव्हर लिहावा तो त्यानंच. जेवताना दारासमोरची मानाची खुर्चीही त्याचीच. यंदा मालकाने, साग्यनने, नवं कार्ड त्याच्यासोबत सव्वीस वर्षांच्या कानिकेयलाही दिलं. शुक्रवारी ज्याचा ड्रायव्हर आधी चालेल, तो कार्ड बसवायला धरणावर जाणार.

तेव्हापासून टोक्टोसुनच्या पोटात दुखू लागलं. कानिकेयने चहा ओतला तरी दुखायचं, ती हसली तरी दुखायचं. मंगळवारी त्याने आपला ड्रायव्हर चाचणीच्या यंत्रावर चढवला, पण कार्ड गप्पच. मग तीन दिवस तो कोड दुरुस्त करत बसला. ती मात्र नुसती कागद चाळत होती, आणि साग्यन तिला म्हणायचा, "डोकं शांत ठेवून काम करतेस हं."

शुक्रवारी त्याने नवी प्रत चढवली. उत्तर आलं: जागा आधीच घेतलेली.

ड्रायव्हर सुरू झाला की कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, कार्डाचे पत्ते, म्हणजे स्मृतीतल्या त्याच्या जागा, आपल्यापुरत्या राखून घेतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसंच ते. मग दुसऱ्याला शिरकाव नाही.

टोक्टोसुन जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. त्याने लग्मानच्या शेवयांना हातही लावला नाही.

"साग्यन, तुझी लाडकी माझ्या जागेवर बसलीय."

"बायके, मी नाही," थोरल्या भावाला म्हणावं तशा आदराने कानिकेय हळूच म्हणाली.

"मग काय भूत बसलंय?"

"पत्त्यांची यादी काढ ना," साग्यन म्हणाला. "वाद कशाला?"

तिघं चाचणीच्या यंत्रापाशी गेले. यादीत प्रत्येक पत्त्यापुढे धरणाऱ्याचं नाव असतं. सगळे तिथे कार्डाचं नाव लिहितात. अकरा वर्षं स्वतःचं नाव लिहिणारा एकच माणूस होता. पडद्यावर लिहिलं होतं: टोक्टोसुन.

मंगळवारची प्रत अजून आतच होती. कार्ड गप्प राहिल्यावर त्या प्रतीने हात टेकले, पण जागा सोडली नाही. सोडण्याची ओळ लिहायचीच तो विसरला होता.

"मला मंगळवारीच दिसलं," कानिकेय म्हणाली. "माझाही अडला तिथेच. पण नाव तुमचं होतं. म्हटलं, बायकेंचं काम चाललंय, झालं की सोडतील."

कोणीच हसलं नाही, म्हणून त्याला जास्त लागलं. त्याने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. आता जो आधी चढवेल त्याची जागा. बोटं त्याचीच कळफलकावर होती. ती त्याने उचलली. मग तो खुर्चीतून उठला.

"बस, पोरी. आधी तुझा."

तिचा पहिल्याच फटक्यात चालला. तेही त्याला बघवलं नाही.