आईच्या फोनचं अपलोड

मी जन्माची संशयी. भाजीवाली वजन करते तेव्हा मी भाजीकडे नाही, काट्याकडे बघते. त्यामुळे घरच्या वायफायवर कुठला फोन किती नेट खातो हे अ‍ॅपमध्ये दिसतं, असं कळल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. ऑफिसात डबा उघडला की ते अ‍ॅपही उघडायचं, हा माझा नेमच झाला.

घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. परळची आमची चाळ पाडून तिथेच टॉवर झाला आणि आम्ही अठराव्या मजल्यावर आलो. आईचा फोन फक्त वायफायवर चालायचा. सिमवर नेट मी तिला घेऊच दिलं नव्हतं. म्हातारी माणसं कुठे काय दाबतील, काय सांगावं?

एकदा लक्षात आलं की रोज दुपारी आईच्या नावापुढचा आकडा धावत सुटतो. मालिका बघत असेल, म्हटलं. पण मालिका बघणाऱ्याचं डाउनलोड वाढतं. आईचं अपलोडही तेवढंच वाढत होतं. म्हणजे आमच्या घरातून कोणालातरी काहीतरी जात होतं, तासन्‌तास. त्याच सुमारास ऑफिसातल्या एकीच्या सासऱ्यांना खोट्या पोलिसांनी दिवसभर फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं होतं. कोणाला सांगितलंत तर अटक करू, अशी धमकी.

संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारी काय करतेस गं?"

"काय करणार? पडते जरा," म्हणत ती उठून आत गेली. खोटं बोलताना आईला नेहमी आतलं काम आठवतं.

दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा पळायला लागला. मी फोन केला, तिने कट केला. परत केला. "आत्ता नको, ठेव," एवढंच कुजबुजली आणि पुन्हा कट. मग मात्र मी थांबले नाही. अ‍ॅपमधून तिच्या फोनचं नेट बंद केलं, साहेबांना पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि टॅक्सी पकडली.

दार बंद आणि आत फोन वाजतोय. माझ्या किल्लीने उघडलं. आई नाही. बाहेरच्या चपला जागेवर, घरातल्या गायब. टेबलावर फोन वाजून वाजून थांबला. त्या खोट्या पोलिसांनी तिला पैसे काढायला बँकेत तर धाडलं नसेल? वॉचमनला विचारायला मी धावले, तर समोर लिफ्ट उघडली आणि काकू बाहेर आल्या. चाळीत आमच्या शेजारी राहायच्या, आता वडाळ्याला एकट्याच असतात. केस ओले, गाऊनवर कशीबशी ओढणी.

"आवस खंय तुझी?" आईला शोधत त्या धापा टाकत म्हणाल्या. "आंघोळ करून भायर इलंय तर फोन काळो. कॉल केलंय तर उचलूक नाय. माका वाटला, पडली!"

मग सगळं बाहेर आलं. काकू मागे बाथरूममध्ये पडल्या होत्या. मुलाला कळलं तर तो पुण्याला घेऊन जाईल, म्हणून हे गुपित. दुपारी पाणी आलं की आईला व्हिडिओ कॉल लावून, बाथरूमबाहेर स्टुलावर फोन ठेवून त्या आंघोळीला जायच्या आणि आई इथे कान लावून बसायची. मग फोन तसाच चालू ठेवून दोघी आपापल्या घरी आडव्या व्हायच्या. चाळीत दुपारी दारं उघडीच असायची, तसं.

आणि मी ऐन आंघोळीत नेट तोडलं होतं. काकू उत्तर देईनात म्हणून आई त्यांच्या घराची जादा किल्ली घेऊन वडाळ्याला धावली होती.

ती परत आली, काकूंना बघितलं आणि मटकन खाली बसून रडायला लागली. मलाही रडू आवरेना. थोड्या वेळाने डोळे पुसत तिने विचारलं, "नेट कोणी बंद केलं?"

मी सगळं सांगितलं, खोट्या पोलिसांसकट, आणि तिचं नेट तिथल्या तिथे परत सुरू केलं. तिने उठून काकूंसाठी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला, अ‍ॅप उघडलं. आईच्या नावापुढे शून्य. दुपार सरली तरी शून्यच. घरी येऊन पहिलं तेच विचारलं.

"खालच्या दुकानातून सिमवर नेट मारून घेतलं," आई म्हणाली. "काकूंच्या आंघोळीला तुझ्या वायफायचा भरवसा नको."